गणित शिक्षण, प्राथमिक

प्राथमिक शाळेतील, म्हणजे सामान्यतः सहा ते अकरा वर्षे वयाच्या मुलांना संख्या, संख्यांवरील चार मूलभूत क्रिया, अपूर्णांक, मापन व भौमितिक आकार यांचे ज्ञान करून देणारे शिक्षण. या शिक्षणाचा विचार दोन बाजूंनी करता येतो : शिक्षक काय शिकवितो आणि मूल प्रत्यक्षात काय शिकते. या दोन्ही गोष्टी एकच असतात, असे दीर्घकाळ गृहीत धरले जात होते. विसाव्या शतकातील संशोधनाने हे गृहीत टिकणारे नाही, असे दाखवून दिले. शिकविलेल्या रीतीतून मूल स्वतःसाठी काही नियम बनविते आणि ते नियम शिक्षकाला अभिप्रेत असलेल्या नियमांशी जुळतातच असे नाही. म्हणून अध्यापनपद्धतींची तुलना करताना मुलांनी किती उदाहरणे बरोबर सोडविली एवढेच न पाहता ती कोणत्या समजुतीने सोडविली, हेही पहावे लागते.

संख्याबोधाची पूर्वतयारी : मूल शाळेत येते तेव्हा ते गणिताच्या दृष्टीने कोरे नसते. संख्यांची नावे क्रमाने म्हणणे, वस्तूंचे दोन समान वाटे करणे, दोन ढिगांपैकी मोठा कोणता ते ओळखणे या गोष्टी त्याला घरीच येऊ लागतात. स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुलांच्या संख्याकल्पनेचा विकास वर्णिला. समोरासमोर मांडलेल्या मण्यांच्या दोन सारख्या ओळींपैकी एक ओळ लांबविली, तर लहान मूल त्या ओळीत मणी अधिक आहेत असे सांगते. मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही, ही जाणीव त्याला सामान्यतः सहा-सात वर्षांच्या सुमारास येते, असे प्याजे यांनी दाखविले. केवळ अंक म्हणता येणे म्हणजे संख्या समजणे नव्हे, हा त्यांच्या संशोधनाचा शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष होय.

प्याजे यांच्या निष्कर्षांना पुढे मर्यादा घालण्यात आल्या. १९७४ मध्ये जेम्स मॅकगॅरिगल व मार्गारेट डोनल्डसन यांनी हाच प्रयोग थोडा बदलून केला. मण्यांची ओळ प्रौढ व्यक्तीने हेतुपूर्वक न हलविता एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने विस्कटली, असे भासविल्यावर बहुसंख्य मुलांनी बरोबर उत्तर दिले. प्रौढ माणसाने मुद्दाम काही बदल करून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की आपले पहिले उत्तर बदलणे अपेक्षित आहे, असा अर्थ मुले लावतात. प्रश्न कोण विचारतो व कसा विचारतो, यावरही मुलाचे उत्तर अवलंबून असते, ही बाब वर्गातील परीक्षेलाही लागू पडते. रॉशेल गेलमन व सी. आर. गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शाळापूर्व वयातील मुलेही मोजण्याची मूलतत्त्वे पाळतात, असे प्रतिपादन केले. प्रत्येक वस्तूस एकच संख्यानाम देणे, नावांचा क्रम स्थिर ठेवणे आणि शेवटचे नाव ही समूहाची एकूण संख्या मानणे, ही त्यांपैकी प्रमुख तत्त्वे होत.

भाषेतील संख्यानामांची रचनाही या पूर्वतयारीवर परिणाम करते. चिनी, जपानी व कोरियन भाषांत अकराला ‘दहा-एक’ व बावीसला ‘दोन-दहा-दोन’ अशा अर्थाची नावे आहेत. त्यामुळे दशमान रचना उच्चारातच स्पष्ट होते. मराठीत मात्र ‘बावीस’ मध्ये एकक आधी व दशक नंतर येतो, तर लिहिताना दशक आधी लिहावा लागतो. ‘एकोणतीस’ हे नाव तिसातून एक उणे करून बनलेले असल्याने त्याच्या उच्चारात तीस ऐकू येते, पण अंकात पहिला आकडा दोनचा असतो. त्यामुळे मराठी मुलाला शंभरपर्यंतची बहुतेक नावे स्वतंत्रपणे लक्षात ठेवावी लागतात. ही अडचण कमी करण्यासाठी महाराष्ट्रात २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात प्रचलित नावांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत देण्यात आली. दक्षिणेकडील द्राविडी भाषांत संख्या याच क्रमाने वाचल्या जातात, याकडे पाठ्यपुस्तक मंडळाच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांनी लक्ष वेधले होते. या बदलावर भाषिक व सांस्कृतिक दृष्टीने तीव्र टीका झाली व विधिमंडळातही त्याचे पडसाद उमटले. संख्यानामे हा गणिताच्या पाठाचा एक भाग आहे, ही गोष्ट या वादामुळे प्रथमच सर्वसामान्य पालकांपर्यंत पोचली.

पाठांतर व सराव : ही गणित शिकविण्याची सर्वांत जुनी पद्धती होय. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत मुले धूळपाटीवर अंक गिरवीत आणि पाढे एका सुरात म्हणत; संध्याकाळी घरी परवचा म्हणण्याची प्रथा होती. पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही पाठ करून घेत. रुपयाचे सोळा आणे व मणाचे चाळीस शेर असलेल्या व्यवहारात हे पाढे अत्यंत उपयुक्त होते. अडीच रुपये शेर दराने सात शेर मालाची किंमत साडेसतरा रुपये, हे अडीचकी पाठ असलेल्या मुलास विचार न करता सांगता येई. म्हणजे या पाठांतरामागे केवळ शिस्त नव्हती; बाजाराशी व जमाखर्चाशी जोडलेला स्पष्ट हेतू होता. १९५७ मध्ये दशमान नाणेपद्धती व त्यानंतर मेट्रिक मापे प्रचारात आल्यावर हा हेतू उरला नाही आणि अपूर्णांकांचे पाढे शाळेतून हळूहळू लुप्त झाले. सवा, दीड, अडीच हे शब्द मात्र बोलभाषेत टिकून आहेत.

सरावाच्या पद्धतीला शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ली थॉर्नडाइक (१८७४–१९४९) यांनी केला. त्यांच्या मते गणित शिकणे म्हणजे प्रश्न व उत्तर यांच्यात बंध निर्माण करणे होय. हे बंध योग्य क्रमाने व पुरेशा सरावाने दृढ करावेत, असे त्यांनी १९२२ च्या आपल्या अंकगणिताच्या मानसशास्त्रावरील ग्रंथात सांगितले. या विचारामुळे पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांची क्रमवारी काळजीपूर्वक होऊ लागली. परंतु प्रत्येक बंध सुटा राहिल्याने ७ + ८ व ८ + ७ या जणू दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या.

पाठांतराचे मूल्य पुढील संशोधनाने नाकारलेले नाही. मनुष्याची कार्यकारी स्मृती मर्यादित असते. बेरजा व पाढे सहज आठवत असतील, तर मुलाचे लक्ष उदाहरणाच्या रचनेकडे राहू शकते. प्रत्येक वेळी बोटे मोजावी लागली, तर मूळ प्रश्नच विसरला जातो. पाठांतराचा दोष ते पाठांतर असते हा नसून, विसरलेली गोष्ट पुन्हा मिळविण्याचा मार्ग ते देत नाही हा आहे. सात आठे विसरलेल्या मुलास सात साते एकोणपन्नास आठवत असेल व त्यात सात मिळवावेत हे उमजत असेल, तर त्याचे अडत नाही.

वस्तू व साधने यांवर आधारित पद्धती : स्विस शिक्षणतज्ज्ञ योहान हाइन्रिख पेस्टालोत्सी (१७४६–१८२७) यांनी अंकांपूर्वी वस्तू हे तत्त्व मांडले. मुलाने प्रथम खडे, बोटे, रेषा यांच्या साहाय्याने संख्येचा प्रत्यक्ष अनुभव घ्यावा व चिन्हे नंतर यावीत, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेत वॉरन कोलबर्न यांनी १८२१ मध्ये याच विचारावर तोंडी हिशेबांचे पुस्तक तयार केले. फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) यांची ठोकळ्यांची खेळणी आणि मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांची मण्यांची साधने ही याच परंपरेतील होत. माँटेसरींच्या साधनांत सुटा मणी एकक, दहा मण्यांची काडी दशक, शंभर मण्यांचा चौरस शतक व हजार मण्यांचा घन सहस्र दाखवितो. स्थानिक किंमत येथे हाताला जाणवते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी बोर्डी व कोसबाड येथे महागड्या साधनांऐवजी परिसरातील शंख, बिया, खडे व काड्या वापरून हे तत्त्व आदिवासी मुलांपर्यंत नेले.

बेल्जियममधील शिक्षक झॉर्झ क्विझनेर यांच्या रंगीत कांड्या व हंगेरीत जन्मलेले झोल्टान डीन्स यांचे दशमान ठोकळे ही साधने १९५० नंतर अनेक देशांत पसरली. जेरोम ब्रूनर (१९१५–२०१६) यांनी १९६६ मध्ये ज्ञान कृतीतून, चित्रातून व चिन्हांतून व्यक्त होते, असे तीन प्रकार सांगितले. सिंगापूरच्या प्राथमिक अभ्यासक्रमात १९८० नंतरच्या दशकात याच क्रमाचा अवलंब झाला. तेथील मुले शाब्दिक उदाहरणातील राशी आयताकृती पट्ट्यांच्या आकृतीने दाखवितात व मगच क्रिया लिहितात.

साधनांमुळे समज आपोआप येते असे नाही. दहा एककांच्या बदल्यात एक दशक घेतला, हे ठोकळ्यांनी बिनचूक करणारे मूल कागदावरच्या हातच्याशी त्याचा संबंध जोडीलच, अशी खात्री देता येत नाही. ठोकळ्यात दशमान पद्धती पाहणारा माणूस ती आधीच जाणत असतो. मुलास तेथे प्रथम लाकूडच दिसते. ठोकळ्यांची प्रत्येक कृती व कागदावरील प्रत्येक आकडा यांचा मेळ शिक्षकाने बोलून व बोलवून घातला, तरच साधन सार्थकी लागते.

अर्थबोधावर आधारित पद्धती : विल्यम ब्राउनेल (१८९५–१९७७) यांनी १९३५ मध्ये थॉर्नडाइक यांच्या बंधसिद्धांतावर टीका करून अंकगणित ही अर्थपूर्ण संबंधांची एक व्यवस्था असल्याचे प्रतिपादन केले. हॅरल्ड मोझर यांच्यासह त्यांनी केलेला व १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेला तिसरीच्या मुलांचा अभ्यास अध्यापनपद्धतींच्या तुलनेचा एक नमुना मानला जातो. ५२ मधून २७ वजा करण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत ५२ मधील एक दशक सुटा करून ४ दशक व १२ एकक करतात. १२ मधून ७ गेले ५ व ४ मधून २ गेले २, म्हणून उत्तर २५ येते. दुसरीत दोन्ही संख्यांत दहा मिळवितात. वरच्या संख्येत दहा एकक व खालच्या संख्येत एक दशक वाढवून १२ मधून ७ व ५ मधून ३ वजा करतात. दोन्ही रीती काही वर्गांत कारणांसह व काही वर्गांत केवळ कृती सांगून शिकविण्यात आल्या. दशक सुटा करण्याची रीत कारणांसह शिकलेली मुले समज व नव्या उदाहरणांतील उपयोग या दोन्ही बाबतींत सरस ठरली. मिळवणीच्या रीतीत कारणे सांगितल्याचा लाभ त्या मानाने कमी दिसला, कारण तिचे स्पष्टीकरण त्या वयाच्या मुलांना अवघड जाते. ज्या मुलांना आरंभापासून केवळ कृतीची सवय लागली होती, त्यांना कारणे सांगितल्याचा फारसा उपयोग झाला नाही, हेही या अभ्यासात आढळले. मुलाला गणितात अर्थ शोधण्याची सवय लागते किंवा न शोधण्याचीही लागते, हा त्यातून निघणारा बोध महत्त्वाचा आहे.

नवे गणित : रशियाने १९५७ मध्ये पहिला कृत्रिम उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकेत गणिताचा अभ्यासक्रम बदलण्याच्या प्रयत्नांना वेग आला. एडवर्ड बेगल यांच्या नेतृत्वाखाली १९५८ मध्ये स्थापन झालेल्या गटाने नवी पाठ्यपुस्तके तयार केली. संच, क्रियांचे गुणधर्म, दहाखेरीज अन्य पायांवरील अंकलेखन या कल्पना प्राथमिक शाळेत आल्या. गणिताची तर्कशुद्ध रचना मुलाला आरंभीच दाखविली, तर त्याला नियमांमागील कारणे कळतील, अशी त्यामागील अपेक्षा होती. परंतु गणितज्ञाच्या दृष्टीने जे मूलभूत असते ते मुलाच्या दृष्टीने सोपे असतेच असे नाही. शिक्षकांनाही हा विषय नवा होता व पालकांना मुलांचा गृहपाठ कळेनासा झाला. मॉरिस क्लाइन यांनी १९७३ मध्ये या चळवळीवर कठोर टीका करणारे पुस्तक लिहिले आणि अमेरिकेत पुन्हा मूलभूत कौशल्यांकडे वळण्याची मागणी प्रबळ झाली. भारतातील पाठ्यपुस्तकांतही १९७० नंतरच्या दशकात संचांचा परिचय आला होता.

मुलांच्या रीतींवर आधारित पद्धती : नेदर्लंड्समध्ये हान्स फ्रॉइडेन्थाल (१९०५–९०) यांनी नव्या गणिताला विरोध करून वास्तवाधिष्ठित गणिताचा पुरस्कार केला. गणित ही तयार वस्तू नसून मनुष्याची कृती आहे व मार्गदर्शनाखाली मुलाने ती पुन्हा शोधावी, असे त्यांचे मत होते. रिकामी संख्यारेषा हे या पद्धतीचे परिचित साधन आहे. ५२ मधून २७ वजा करताना मूल रेषेवर ५२ पासून २० मागे येऊन ३२, पुढे २ मागे येऊन ३० व आणखी ५ मागे येऊन २५ वर पोचते. दुसरे मूल २७ पासून पुढे ३ व नंतर २२ अशा उड्या घेऊन हेच उत्तर मिळविते.

अमेरिकेत टॉमस कार्पेंटर, एलिझाबेथ फेनिमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिलीच्या चाळीस शिक्षकांचा समावेश होता. निम्म्या शिक्षकांना कोणतेही पाठ्यपुस्तक वा ठरावीक रीत न देता केवळ मुले बेरीज-वजाबाकीची शाब्दिक उदाहरणे कशी सोडवितात, याविषयीच्या संशोधनाचा परिचय करून देण्यात आला. हे शिक्षक वर्गात मुलांचे अधिक ऐकून घेऊ लागले. त्यांची मुले शाब्दिक उदाहरणांत पुढे गेली आणि सरावाला कमी वेळ मिळूनही अंकांच्या मूलभूत बेरजा-वजाबाक्यांत मागे पडली नाहीत.

कॉन्स्टन्स कामी यांनी याही पुढे जाऊन प्राथमिक शाळेत हातच्याच्या ठरावीक रीती शिकविणे अपायकारक असल्याचे मत मांडले. ७ + ५२ + १८६ ही बेरीज त्यांनी निरनिराळ्या वर्गांतील मुलांना तोंडी करावयास सांगितली. ठरावीक रीत शिकलेल्या अनेक मुलांनी प्रत्येक आकडा एकक मानून तीसच्या आसपास, तर काहींनी सर्व आकडे भलत्याच स्थानी जोडून नऊ हजारांच्या वर उत्तरे दिली. स्वतःच्या रीतीने करणाऱ्या मुलांची चुकीची उत्तरेही खऱ्या उत्तराच्या, म्हणजे २४५ च्या, अधिक जवळ होती. हे वर्ग यादृच्छिकपणे निवडलेले नसल्यामुळे या निष्कर्षाचा वापर सावधपणे करावा लागतो. तरी उत्तराचा अंदाज बांधण्याची सवय मोडणे ही यांत्रिक रीतीची मोठी हानी आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

थेट अध्यापन व स्वयंशिक्षण : याच्या उलट टोकाला झीगफ्रीड एंगलमन यांची थेट अध्यापनपद्धती आहे. तीत प्रत्येक पायरी आधी आखलेली असते, शिक्षकाचे शब्दही ठरलेले असतात, मुले एकत्र उत्तर देतात व चूक तत्काळ दुरुस्त केली जाते. अमेरिकेत गरीब वस्त्यांतील मुलांसाठी १९६८ पासून राबविलेल्या एका विस्तृत प्रकल्पात अनेक पद्धतींची तुलना करण्यात आली. १९७७ च्या मूल्यमापनात मूलभूत कौशल्यांत थेट अध्यापनाचे निष्पन्न सर्वांत चांगले दिसले. एकाच पद्धतीच्या निरनिराळ्या केंद्रांतील तफावत खुद्द पद्धतींमधील तफावतीहून मोठी होती, असा आक्षेप या मूल्यमापनावर घेण्यात आला. तथापि ज्या मुलांना घरी मदत मिळत नाही, त्यांना पायऱ्या स्पष्ट करून सांगणे लाभदायक ठरते, ही बाब मुक्त शोधपद्धतीच्या पुरस्कर्त्यांना विचारात घ्यावी लागली.

पायऱ्या आखून दिल्या तरी देखरेख नसेल तर काय होते, याचे उदाहरण स्टॅन्ली एर्लवँगर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. स्वयंशिक्षणाच्या कार्यपत्रिकांवर शिकणारा, बेनी हे टोपणनाव दिलेला सहावीतील एक मुलगा शिक्षकांच्या मते वर्गातील चांगल्या विद्यार्थ्यांपैकी होता. मुलाखतीत मात्र असे आढळले, की अपूर्णांकाचे दशांशात रूपांतर तो अंश व छेद यांची बेरीज करून करीत असे. त्यामुळे २/१० चे उत्तर त्याच्या मते १.२ येई आणि ४/११ व ११/४ या दोहोंचे १.५. गणित म्हणजे कोणीतरी ठरविलेल्या असंख्य नियमांचा खेळ होय व उत्तरपत्रिकेशी जुळेल तो नियम खरा, अशी त्याची धारणा बनली होती. त्याची प्रगती दाखविणाऱ्या गुणांतून यातले काहीच कळत नव्हते.

मुलांच्या चुका : मुलांच्या चुका बहुधा निष्काळजीपणाच्या नसून नियमबद्ध असतात, असे जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीच्या उदाहरणांवरून दाखविले. ५२ – २७ चे उत्तर ३५ देणारे मूल प्रत्येक स्तंभात लहान अंक मोठ्यातून वजा करीत असते. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी, या शिक्षकाच्याच सूचनेचा तो एक अर्थ आहे. अशा मुलाकडून आणखी वीस उदाहरणे करून घेतली, तर चुकीचा नियमच पक्का होतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ८ + ४ = __ + ५ या उदाहरणातील रिकाम्या जागी सहावीतील सर्व १४५ मुलांनी १२ किंवा १७ लिहिले; बरोबर उत्तर ७ हे एकानेही लिहिले नाही. बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ ही आज्ञा, असा अर्थ त्यांनी सहा वर्षांच्या सरावातून बनविला होता. पुढे बीजगणित शिकताना हीच समजूत आड येते.

शाळेबाहेरील गणित : ब्राझीलमधील रेसिफे शहरात टेरेझिन्या काराहेर, डेव्हिड काराहेर व अनालुसिया श्लिमन यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास केला व तो १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. विक्री करताना विचारलेल्या हिशेबांपैकी ९८.२ टक्के त्यांनी बरोबर केले. त्याच संख्यांची शाब्दिक उदाहरणे दिल्यावर हे प्रमाण ७३.७ टक्के व केवळ अंकांची उदाहरणे दिल्यावर ३६.८ टक्के झाले. एका मुलाने ३५ क्रुझेरो दराच्या दहा नारळांची किंमत तीन नारळांचे १०५, सहांचे २१०, नवांचे ३१५ व आणखी एकाचे ३५ अशी काढली. पस्तिसावर शून्य देण्याची शाळेतील सोपी युक्ती त्याने वापरली नाही. पण त्याच्या प्रत्येक पायरीला अर्थ होता. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांच्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच आढळले. बाजारात गुंतागुंतीचे हिशेब करणाऱ्या या मुलांना शाळेतील अंकांची सोपी उदाहरणे सुटेनात; उलट जवळच्या शाळांतील विक्रीचा अनुभव नसलेल्या मुलांना बाजारातील हिशेब जमेनात. दोन्ही गटांना गणित येत होते. एका ठिकाणचे ज्ञान दुसऱ्या ठिकाणी नेणारा पूल मात्र कोणीच बांधून दिला नव्हता. जो मुलगा व्यवहारात हुशार आहे त्यालाच शाळा गणितात नापास ठरविते आणि तोही स्वतःस तसाच मानू लागतो, हा या तुटलेपणाचा सर्वांत गंभीर परिणाम होय.

पद्धतींचे तौलनिक मूल्यमापन : पद्धतींवरील वाद अनेक देशांत दीर्घकाळ चालला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००१ च्या अहवालात संकल्पनांची समज, क्रियांतील कौशल्य, प्रश्न मांडून सोडविण्याची क्षमता, तर्क करण्याची क्षमता व गणिताविषयीची अनुकूल वृत्ती हे एकमेकांत विणलेले पाच पदर मानले. तेथील राष्ट्रीय गणित सल्लागार मंडळानेही २००८ मध्ये समज, सराव व प्रश्न सोडविणे ही परस्परांना पोषक असल्याचा निर्वाळा दिला. नेदर्लंड्समध्ये वास्तवाधिष्ठित व पारंपरिक पद्धतींचा वाद टोकाला गेल्यावर तेथील शाही विज्ञान अकादमीच्या समितीने उपलब्ध संशोधन तपासले. दोहोंपैकी एक पद्धती निश्चितपणे श्रेष्ठ असल्याचा पुरावा मिळत नाही व शिक्षकाची क्षमता निर्णायक असते, असा तिचा २००९ चा निष्कर्ष आहे.

शिक्षकाच्या क्षमतेचा अर्थ लिपिंग मा यांच्या १९९९ च्या ग्रंथावरून स्पष्ट होतो. त्यांनी चीनमधील ७२ व अमेरिकेतील २३ प्राथमिक शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे उदाहरण सोडवून त्यावर एक व्यवहारी प्रसंग रचण्यास सांगितले. सर्व चिनी शिक्षकांचे उत्तर, म्हणजे साडेतीन, बरोबर आले व बहुतेकांना अर्थपूर्ण प्रसंगही रचता आला. अमेरिकेतील निम्म्याहून कमी शिक्षकांचे उत्तर बरोबर आले व योग्य प्रसंग केवळ एकासच रचता आला. अनेकांनी अर्ध्याने भागणे व दोनाने भागणे यांत घोटाळा केला. चिनी शिक्षकांचे स्वतःचे शिक्षण अधिक वर्षांचे नव्हते. परंतु प्राथमिक गणिताचा सखोल अभ्यास व सहकाऱ्यांशी सतत चर्चा यांतून त्यांची समज घडली होती.

भारतातील परिस्थिती : राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ याने मुलाच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हे गणित शिक्षणाचे प्रमुख उद्दिष्ट मानले आणि गणिताची भीती व अपयशाची भावना या समस्यांची दखल घेतली. त्यानुसार राष्ट्रीय स्तरावरील प्राथमिक पाठ्यपुस्तकांत बाजार, प्रवास, मासेमारी, कारागिरी अशा प्रसंगांतून गणित मांडण्यात आले. ग्रामीण मुलांच्या घरोघर जाऊन केलेल्या ‘असर’ पाहणीत मात्र २०२४ मध्ये पाचवीतील सु. ३१ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागता आले. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास वाचन व अंकज्ञान यावे, यासाठी २०२१ मध्ये केंद्र शासनाने ‘निपुण भारत’ हे अभियान सुरू केले. आराखडा व पाठ्यपुस्तक बदलले तरी मोठे वर्ग, एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता, अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई व परीक्षेतील ठरावीक प्रश्न यांमुळे वर्गातील अध्यापन बहुधा कृती सांगणे व ती उतरवून घेणे एवढ्यापुरतेच राहते. इयत्तेपेक्षा मुलाच्या प्रत्यक्ष पातळीनुसार गट करून शिकविण्याचे प्रयोग भारतात परिणामकारक ठरले आहेत. मुलास आज काय येते याचा शोध हीच त्यांची पहिली पायरी होय.

पाढे, ठोकळे, संख्यारेषा वा बाजारातील हिशेब यांपैकी कोणतेही एक साधन पुरेसे नाही व कोणतेही त्याज्य नाही. चुकीच्या उत्तरावर फुली मारण्यापूर्वी ते कसे काढले, हे मुलास विचारले जाते की नाही, यावरच पद्धतीचे यश मुख्यतः अवलंबून असते. कारण या प्रश्नाच्या उत्तरातच मुलाने बनविलेला नियम प्रकट होतो व पुढील अध्यापनाला दिशा मिळते.